ऋतू आणि रस्ता : पाणी कुठून आलं, ते आधी विचारा

मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, येत्या वर्षभरात कुठे जायचं मनात आहे आणि घोडं कुठे अडतंय? आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार भेटली. घरात एकाला झाडं-फुलं हवीत, दुसऱ्याला पक्षी, तिसऱ्याला वाडे आणि शिलालेख. मग सगळ्यांनी मिळून जायचं कुठे?

मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन रानात हिंडले आणि यजमानांबरोबर जुन्या देवळांत, वाड्यांत. हे वेगवेगळे छंद आहेत असं मला कधी वाटलंच नाही. जुनी बाग असते तिथे तिला जगवणारं पाणीही असतं आणि ते पाणी अडवायला, उपसायला, वळवायला कुणीतरी पैसा आणि अक्कल खर्च केलेली असते. म्हणून गावात उतरलं की पहिल्या भेटलेल्या माणसाला मी विचारते, "इथं पाणी कुठनं येतं हो?" फुलाचं नाव विचारलं तर पुष्कळदा माणसं खांदे उडवतात. पाण्याचं विचारलं की हातातलं काम ठेवून दाखवायला निघतात.

ताई, गेल्या सप्टेंबरात पुण्याहून कासला गेलो आणि गर्दी बघून तासाभरात माघारी फिरलो. फुलंही फोटोतल्यासारखी दिसली नाहीत. पुन्हा जावं का?
— एक वाचक, पुणे

जावं, पण मनातला फोटो आधी पुसून टाका. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणून फोटो त्यांचेच निघतात. कासची खरी श्रीमंती आपल्या घोट्याच्या खाली आहे. 850 हून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती इथे नोंदल्या गेल्या आहेत. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे ते या बारीकसारीक फुलांच्या जोरावर.

पठार जांभ्याचं. खडकावर माती जेमतेम, काही ठिकाणी तर बोटभरच. पावसाळाभर ती चिंब असते आणि दिवाळी सरली की ठणठणीत कोरडी. अशा मातीत नत्र फारसं टिकत नाही, म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे पकडायची सोय केली आहे. सीतेची आसवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. फोटो काढून लोक पुढे जातात आणि खरी गंमत राहून जाते, कारण ती मातीत आहे. या झाडाला ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला चपटी करून ठेवते. तिच्या तोंडाशी झडप असते, झडपेवर केस. एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला धडकला की झडप उघडते, पाण्याच्या लोटाबरोबर तो आत खेचला जातो आणि झडप मिटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं उरकतं. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटं अडकलेली साध्या भिंगातूनही दिसतात. बघायला वाकावं लागतं, गुडघे टेकावे लागतात. मात्र पायवाट सोडायची नाही. त्या बोटभर मातीवर पाय पडला की वर्षाचं बियाणं गेलं.

गर्दीचं म्हणाल, तर शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. दिवसाला 3000 लोकांचीच मर्यादा आहे आणि नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती आधी करा, मग गाडी काढा. सकाळी लवकर पोहोचा. शिवाय पाट्या आहेत तिथेच घोटाळू नका. पठारावरून जुना रस्ता जातो, त्याला राजमार्ग म्हणतात. त्या वाटेनं चालत कुमुदिनी तलावापर्यंत जाता येतं. तिथे पाण्यावर कुमुदिनीची पांढरी, कडेला झालर असलेली फुलं असतात. गाडीपासून एवढं लांब यायला बहुतेक लोक तयार नसतात, त्यामुळे शांतता आपोआप मिळते.

परतताना कास तलाव बघा. याचं पाणी साताऱ्याच्या घराघरांत येतं आणि डोंगरावरचा तलाव असल्यामुळे उतारानंच येतं. पठारावर पडलेला पाऊस त्या बोटभर मातीतून झिरपत खाली जातो, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की तिथे प्लास्टिकची बाटली टाकायचा धीर कुणाला होऊ नये.

मला बागेचं वेड आहे. अशा सहलीहून एखादा कंद किंवा रोप आणून कुंडीत लावलं तर चालेल का? मी मनापासून काळजी घेईन.
— एक वाचक, कोल्हापूर

नाही चालणार. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण उपटलेलं रोप तुमच्या कुंडीत जगणार नाही. रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, मुळांपाशी राहणाऱ्या विशिष्ट बुरशीच्या मदतीनं वाढते. ती बुरशी नर्सरीच्या मातीत नसते. कंदीलपुष्पाला परागीभवनासाठी बारीक माश्या लागतात. त्या फुलाच्या नळीत शिरतात, खाली वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतात. तुमच्या गच्चीवर त्या माश्या कुठून येणार? शिवाय संरक्षित क्षेत्रातून रोप, कंद, बी काहीही उचलणं हा गुन्हा आहे आणि दुर्मीळ जातींच्या बाबतीत एकेक कंद मोलाचा असतो.

हौस भागवायला सोनटक्का, भुईचाफा, बागेतला तेरडा, कर्दळ हे नर्सरीतून आणा आणि जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरणारं पुष्पप्रदर्शन गाठा. तिथे माळी भेटतात आणि विचारलं की खताचं प्रमाणसुद्धा सांगतात. प्रदर्शनाच्या मांडवातून बाहेर पडल्यावर मात्र लगेच घरी जाऊ नका. साधारण 39 एकरांची ती बाग आहे. मधून ओढा जातो, जुने वृक्ष आभाळाला भिडलेत आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड महावेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेल्यात. पूर्वी ही गोऱ्या शिपायांसाठीची सोल्जर्स गार्डन होती, पुढे व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदावरून एम्प्रेस झाली.

गणपतीला आम्ही राजापूर तालुक्यात गावी जातो. सड्यावरची फुलं आणि कातळशिल्पं एकाच फेरीत बघून होतील का?
— एक वाचक, ठाणे

फुलं होतील, शिल्पं धड दिसणार नाहीत. भाद्रपदात सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ओला असतो, खोदलेल्या रेषांत पाणी आणि शेवाळ असतं, वर गवत माजलेलं असतं. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. गवतात उभं राहून त्याचं एक पाऊलसुद्धा कळत नाही. म्हणून गणपतीला फुलं बघा आणि शिल्पांसाठी शिमग्याला पुन्हा या. कोकणी माणसाला या दोन्ही सणांना गावी यायला वेगळं निमित्त लागत नाही.

शिमग्याला गवत कापलेलं किंवा वाळलेलं असतं. ऊन उतरतं असताना, म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे जा. किरण तिरपे असले की खोदीव रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि चित्र उठून येतं. भर दुपारी नुसता तापलेला काळपट दगड दिसेल. कोकणातल्या या कातळशिल्पांत गेंडासुद्धा सापडला आहे, जो आज इथे कुठेच नाही. म्हणजे कोरणाऱ्यांनी पाहिलेलं कोकण आपल्या कोकणापेक्षा फार वेगळं होतं. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. तरी पुष्कळ ठिकाणी राखण गावकऱ्यांनाच करावी लागते. शिल्पावर चढून फोटो काढू नका. रेषेत खडू किंवा पाणी घालून ती "उठवू" नका. कशेळीत कनकादित्याचं मंदिर आहे आणि देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळशिल्प आहे, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांचं देवदर्शनही होतं.

आणि पाणी? गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेलं पाणी तो पितो आणि सड्याच्या कडेला, उतारावर झऱ्याच्या रूपानं सोडतो. वाडी, माड-पोफळी आणि विहीर तिथेच असतात. वरचा सडा "पडीक" म्हणून खरवडला की खालच्या विहिरी आटायला वेळ लागत नाही. हे मी दरवेळी लिहिते आणि लिहीत राहणार.

जानेवारीत दोन दिवस मोकळे आहेत. ह्यांना इतिहास हवा, मला झाडं आणि सासऱ्यांना देवदर्शन. कुठे जाऊ?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्यासाठी माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते देताना मला फार आनंद होतोय: लिंब, मेणवली आणि वाई.

पहिल्या दिवशी सकाळी लिंब. पुण्याकडून येताना साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडायचा आणि बारा मोटेची विहीर विचारायची. शेंबडं पोरही वाट सांगेल. शेतांमधून जाताना काहीच दिसत नाही आणि एकदम जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या समोर येतात. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली, शके 1641 ते 1646 मध्ये, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. तसा शिलालेख तिथे आहे. खोली सुमारे 110 फूट, व्यास सुमारे 50 फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांची विहीर, आणि दोन्हींच्या मधल्या पुलावर चक्क एक छोटा महाल. वरून बघितलं तर सगळ्याचा आकार शिवपिंडीचा. तुमच्या ह्यांना शिलालेख आणि खांबांवरचं कोरीव काम सोडवणार नाही. त्यांना तिथेच राहू द्या.

तुम्ही वर या, कठड्यापाशी. ही विहीर आमराईला पाणी देण्यासाठी बांधली. नावात बारा असलं तरी पंधरा मोटांची सोय आहे. मोट कशी चालत असे, ते जागेवर उभं राहून समजून घ्या. कातड्याची मोट, तिला खाली सोंड. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, बारीक सोंदूर सोंडेला, दोन्ही बैलांच्या जुवाला. बैल विहिरीपासून उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर येते. सोंदूर अशा मापाचा, की मोट वर येताच सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या कुंडात, उघडी होते. पाणी थारोळ्यातून पाटात आणि पाटानं झाडाच्या आळ्यात. बैल उलटे पावली विहिरीकडे आले की रिकामी मोट खाली. माणसानं फक्त नाडा सांभाळायचा, बैलांशी बोलायचं आणि गाणं म्हणायचं. आता कल्पना करा, अशा पंधरा जोड्या एका वेळी. एवढा खटाटोप आंब्यांसाठी! मला तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईबद्दल अपार आदर वाटतो. वाडा सगळेच बांधत. तिनं झाडांची तहान ओळखून दगडात पैसा ओतला. जानेवारीत वाटेवरचे आंबे मोहरायला लागलेले असतात. विहिरीत उतरल्यावर मोहोराचा वास खालपर्यंत येतो का, ते बघा.

एक विनंती. विहीर नांदत्या गावाची आहे. कठड्यावर पाय सोडून बसू नका, सेल्फीसाठी तर मुळीच नको. आतल्या पायऱ्या ओल्या असल्या की सासऱ्यांना वरच थांबवा.

दुपारनंतर वाईला या. मुक्काम तिथेच करा. सासऱ्यांसाठी ढोल्या गणपती आहे, कृष्णेच्या घाटावर, 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेला. देवळाची मागची भिंत बघायला विसरू नका. ती सपाट नाही, मध्ये टोक काढून दोन्ही बाजूंना निमुळती केली आहे, म्हणजे पूर आला की पाणी भिंतीवर आदळायच्या ऐवजी दोन्हीकडे फाटतं. ही पाण्याची विद्या आहे आणि देवळाच्या पाठीशी असल्यामुळे कुणी बघत नाही. थंडीत वाईचा कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि एकेका घाटावर पाळीनं चालतो. तुमच्या तारखा जुळल्या तर महाप्रसादाला बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली, वाईहून तीन-चार किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट आणि दोन देवळं. एका लहानशा दगडी खोलीत मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि 1707 साल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा. वसईच्या खाडीवरून कृष्णेच्या घाटापर्यंत ती आणणाऱ्या बैलांचा आणि गाडीवानांचा विचार मी दरवेळी करते. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत जाताना विचारून जा आणि भिंतीवरच्या चित्रांना हात लावू नका. नानांच्या दप्तरातले कागद हा पेशवाईच्या इतिहासाचा मोठा आधार. ते मेणवली दप्तर म्हणतात ते इथलंच.

घाटावर बसलात की तुमची झाडं समोर येतात. नदीकाठी वाळुंज शोधा. लांबट पानांचं, पाण्यात वाकलेलं झाड, पूर अंगावरून गेला तरी उभं राहणारं. खंड्या, धोबी, पाणकावळे सकाळी नऊपर्यंत भरपूर. आणि परतताना रस्त्यालगतची शेतं बघत या: वाईची हळद याच दिवसांत निघायला लागते. कुठे हळद शिजताना दिसली तर गाडी थांबवा. कच्च्या हळकुंडाचा वास आणि शिजलेल्याचा वास यांत किती फरक आहे ते नाकालाच कळू द्या. शेतकरी पाव किलो कच्ची हळद नक्की देईल. घरी लोणचं घाला.

धोम, पाचगणी, महाबळेश्वर हे सगळं जवळ आहे हे मला माहीत आहे. या दोन दिवसांत ते घालू नका.

नातू आठ वर्षांचा, माझे गुडघे साठी उलटलेले, घर डोंबिवलीत. लांबचा प्रवास जमत नाही. मुंबईतच काही सुचवा ना.
— एक आजी, डोंबिवली

आजी, राणीचा बाग! वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबईकर तिथे पेंग्विन बघायला जातात आणि झाडांखालून मान खाली घालून परत येतात. लोकल थेट भायखळ्याला, स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की थोडंसं चालणं. बुधवारी बंद असतो. आत वाटा सपाट आहेत, बाकडी आहेत, सावली तर मुंबईत इतकी क्वचितच कुठे मिळेल.

आधी शिवडीत असलेली बाग तिथून हलवावी लागली, म्हणून 1862 च्या नोव्हेंबरात ही उघडली. एम्प्रेस गार्डन सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. राणीच्या बागेची सुरुवातही याच नावाच्या संस्थेनं केली. मुंबईला विहार तलावाचं नळाचं पाणी मिळायला लागलं 1860 च्या सुमारास. त्याआधी हे शहर विहिरी आणि टाक्यांवर जगत होतं. शहराला नळ मिळाला आणि पाठोपाठ शहराला बाग मिळाली, हे मी नातवाला नक्की सांगेन.

फेब्रुवारीत जा, उर्वशीसाठी. हे मूळ म्यानमारचं झाड. 1827 मध्ये वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथल्या एका बौद्ध मठाच्या आवारात दिसलं. त्याची फुलं गुहेतल्या बुद्धमूर्तींपुढे वाहिलेली असत. फुलांचा लाल घोस हातभर लांब, खाली लोंबणारा, प्रत्येक फुलाच्या पाकळीला टोकाशी पिवळा ठिपका. फुलं नसली तरी हिरमुसू नका, कोवळी पालवी बघा. ती तांबूस-जांभळी असते आणि धुऊन वाळत घातलेल्या रुमालासारखी मलूल लोंबते. काही दिवसांनी तीच पानं हिरवी होतात, ताठ होतात. नातवाला एकाच फांदीवरचं मलूल पान आणि ताठ पान दाखवा आणि विचारा, "यातलं म्हातारं कोणतं?" मुलं हमखास मलूल पानाकडे बोट दाखवतात. मग खरं सांगा. ते तो विसरणार नाही.

त्याला गोरखचिंचही दाखवा. त्या खोडाला मिठी मारायला किती जण लागतील याचा अंदाज आधी करायला लावा. कैलासपतीची फुलं आणि तोफगोळ्याएवढी फळं थेट खोडावर येतात, त्याच्या खाली मात्र उभं राहू देऊ नका.

झाडं बघून झाली की शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 पासूनचं. तिथे जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या छोट्या छोट्या माणसांचे नमुने, जहाजांच्या प्रतिकृती आहेत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा, त्याच्यावरूनच परकीयांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तुटला, तुकडे इथे आले आणि पुढे 1914 मध्ये जोडून उभे केले गेले. जोडाच्या रेषा शोधायचं काम नातवाला द्या, तुम्ही बाकड्यावर बसा. आणि हो, बागेत काळा घोडाही आहे. ज्याच्या नावानं फोर्टातला तो भाग ओळखला जातो, तो एडवर्ड राजाचा मूळ पुतळा.

प्राण्यांचे पिंजरे शेवटी ठेवा. आधी गेलात तर झाडांकडे लक्ष द्यायला नातू उरणार नाही.

काजव्यांसाठी मे महिन्यात भंडारदऱ्याला लहान मुलांना घेऊन जावं का?
— एक वाचक, नाशिक

मुलं अंधारात शांत बसू शकत असतील तरच. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद आहे. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांत ती साद हरवते आणि त्या किड्याचं उडणारं आयुष्य थोड्याच दिवसांचं असतं. मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत हा काळ. आठवड्याच्या मधल्या वारी, अमावस्येच्या आसपास जा. गाडी लांब लावा, गावातला वाटाड्या घ्या आणि सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ या झाडांखाली नाही, तर जरा अंतरावर थांबा. काजव्याच्या अळ्या ओल्या पाल्यातल्या गोगलगायी खातात. झाडाखालचा पाला तुडवला की पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले. दिवसा 1926 सालचं विल्सन धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा. देवळाची पुष्करणी उन्हाळ्यातही बघण्यासारखी आहे.

वनखात्यानं एखाद्या वर्षी निर्बंध घातले तर कुरकुर करू नका, मुक्काम बदला.

सोलापूर-पुणे रस्त्यानं आमचं नेहमीचं जाणं-येणं. वाटेत अर्ध्या दिवसात काय बघता येईल?
— एक वाचक, सोलापूर

भिगवण. डिसेंबर ते मार्च या काळात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात, चित्रबलाक असतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. डिकसळ किंवा कुंभारगावात पहाटे पोहोचा, मच्छीमाराची होडी ठरवा. तोच तुमचा पक्षीतज्ज्ञ. पक्षी उडतील इतकं जवळ नेऊ नका, असं त्याला आधीच सांगून ठेवा, कारण बहुतेक पाहुणे नेमकं उलटं सांगतात. रोहित चोच उलटी करून पाण्यात धरतो आणि जिभेनं पाणी ओढून गाळून घेतो. दुर्बिणीतून त्याच्या गळ्याची हालचाल दिसते, तेवढी एक गोष्ट निवांत बघा.

पाण्यात पक्षी आहेत, पण त्या पाण्याखाली गावं आहेत. उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमाकाठची जुनी वस्ती त्यात गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर त्यांतलंच. पाऊस कमी झाला आणि धरण तळाला गेलं, की एप्रिल-मेमध्ये ते वर येतं. ज्या वर्षी ते उघडं पडतं त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात टँकर सुरू असतात, हे लक्षात ठेवूनच जा. देवळापाशी तुम्हाला मूळ पळसदेवची माणसं भेटतील, कारण तीही बघायला येतात. वेस कुठे होती, नदीला उतरायची वाट कुठून होती, ते त्यांना विचारा. चिखलात बोट दाखवून सांगतात. पायात जुन्या चपला घाला, गाळाला वरून पापुद्रा धरलेला असला तरी आत तो गुडघाभर असू शकतो, आणि निघण्यापूर्वी धरणाची टक्केवारी वर्तमानपत्रात बघून घ्या. पाणी बऱ्यापैकी असेल तर देऊळ दिसणार नाही, मग सरळ भिगवणला थांबून मासे खा आणि पुढे निघा.